बारदान वजा करा!
माननीय तेवीस किलो यांस खुलं पत्र

प्रति,
माननीय श्री. तेवीस किलो,
मुक्काम : विमानतळावरचा काटा.



आपली प्रत्यक्ष भेट झालेली नाही, होण्याची शक्यताही दिसत नाही, आणि तरी एप्रिल संपल्यापासून आपण आमच्याच घरी मुक्काम ठोकून आहात. बैठकीत चार बॅगा तोंडं उघडून पडल्यात आणि घरातला जो तो कुठलीही वस्तू उचलली की आधी तळहातावर जोखून बघतो. साबणाची वडी जोखतात, मोजे जोखतात. परवा नातीनं शाळेचा दाखला जोखला. एवढा धाक या घरात माझ्या वडिलांचा होता, त्यानंतर आपलाच.

पत्र मालेगावहून लिहितोय. मालेगाव म्हटल्यावर आपल्याला यंत्रमाग आठवले असतील, पण ते नाशिक जिल्ह्यातलं. आम्ही वाशीम जिल्ह्यातले, मालेगाव जहाँगीर, अकोल्याहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावरचे. मुलानं मागवलेलं जर्मन पिनांचं ॲडॉप्टर आधी त्या मालेगावला जाऊन आलं आणि मग आमच्याकडे पोचलं. माणसाआधी सामानानं प्रवास करायचा तो असा.

आता माझी ओळख. आयुष्य बाजार समितीत मापारी म्हणून गेलं. तूर, हरभरा, सोयाबीन; तागडी होती तेव्हापासून ते इलेक्ट्रॉनिक काटा आला तिथपर्यंत. माझ्या मापाला शेतकरी आणि अडत्या दोघंही सारख्याच शिव्या देत, म्हणजे माप बरोबर असणार. तेव्हा वजनाबद्दल आपण मला काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. उलट दोन गोष्टी मीच आपल्याला सांगाव्यात म्हणून हा कागद.

प्रसंग असा. मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. कंपनीनं त्याला वर्षभरासाठी जर्मनीत, श्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं. सोबत सूनबाई, नात आणि नातू. नोकरीचं काम नोकरीच्या वेळात, आणि शनिवार-रविवार जोडून जमतील तेवढे देश बघायचे, असा सगळ्यांचा बेत आहे. पुण्याचं बिऱ्हाड आवरून मंडळी बॅगा भरायला इकडे आली, कारण बॅगेत भरण्यासारखं जे काही आहे ते इकडेच आहे. डाळ इथली, तिखट इथलं, शेवया-कुरडया इथल्या, आणि या सगळ्याबद्दल ठाम मतं असलेली माझी मंडळी, म्हणजे आमची ही, तीही इथलीच.

माणशी एक बॅग, बॅगेला आपण. चार त्रिक बारा, हातचा एक, आणि चार दुणे आठ अधिक एक नऊ : 92 किलो. आमच्या हिशेबानं क्विंटललाही आठ किलो कमी. चार माणसांचा वर्षाचा संसार, त्यात युरोपचा हिवाळा, आणि सगळं मिळून सोयाबीनच्या दोन कट्ट्यांत बसवायचं. ठीक आहे म्हटलं, बसवू. मग मी रिकामी बॅग काट्याला लावली.

चार किलोच्या वर!

तेवीस किलो साहेब, इथं जरा थांबू या, कारण आपला खरा गुन्हा इथं आहे. आमच्या यार्डात शेतकऱ्याचा माल मोजतात तेव्हा पोत्याचं वजन वजा करतात. त्याला बारदान म्हणतात. अगदी नवख्या मापाऱ्यालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की माल वेगळा आणि बारदान वेगळं. पोत्यामागे किती धरायचं यावरून भांडणं होतात, लिलाव थांबतात, पण बारदान वजाच करायचं नाही असं म्हणणारा माणूस यार्डातून घरी चालत गेला नसता. आणि आपण? बॅग, तिची चाकं, तिचं वर-खाली होणारं हँडल, तिला बांधलेला लाल रिबिनीचा तुकडा, सगळं मालातच धरता. चार बॅगांचं बारदान सोळा किलोंच्या घरात जातं. म्हणजे 92 मधले 76 उरले. तेवीस म्हणून सांगायचं आणि एकोणीस द्यायचं, याला आमच्याकडे जे म्हणतात ते पत्रात लिहिता येत नाही.

बरं, तेवीस तरी कुठून आले? मुलाला विचारलं. त्यानं शोधून सांगितलं की आपण मुळात 50 पौंड. पन्नास पौंडांचे होतात 22.68 किलो, ते वर ढकलून तेवीस केले. तसंच आपले थोरले बंधू 32 किलो, ते 70 पौंड. अमेरिकेच्या तिकिटावर एकेकाळी या थोरल्यांच्या दोन-दोन बॅगा चालायच्या, पुढे त्यांना मागे सारून आपण गादीवर आलात. माझा यात जातिवंत आक्षेप आहे. या देशात 1956 साली वजन-मापांचा कायदा झाला, 1958 च्या ऑक्टोबरपासून किलो यायला लागला, आणि लोकांनी शेर-मण सोडून त्याच्याशी जुळवून घेतलं. माझ्या आजीला तर शेवटपर्यंत पायलीच कळली. ज्या किलोचं आपण नाव लावता, त्याची व्याख्या 20 मे 2019 पासून पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकावर नेली, इतकं ते जपण्याचं काम आहे. आणि आपण किलोचा सदरा घातलेले पौंड.

हमालाच्या पाठीचं कारण आपण पुढे कराल, हे मला माहीत आहे. त्या कारणापुढे मी मान तुकवतो. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेणारी माणसं मी रोज बघितली आहेत, ते पोतं पन्नास किलोंवर आलं तेव्हा त्यांच्या चालण्यात पडलेला फरकही बघितलाय. विमानतळावर बॅगा उचलणाराही हमालच, त्याची पाठ वाचलीच पाहिजे. पण मग एक सांगा. बॅग पंचवीस किलोची भरली, तर काउंटरवरची बाई म्हणते, चालणार नाही. आणि वरचे पैसे भरले की म्हणते, चालेल. पैसे आमच्याकडून आपल्या मालकांकडे गेले, त्यात हमालाच्या मणक्याला नेमका कुठला आराम पडला? आणि वजनानं विमानाला धोका असता, तर पावती फाडल्यावर तो टळला कसा? 2008 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीनं पहिल्याच बॅगेला 15 डॉलर लावले, आणि पाठोपाठ बाकीच्यांनाही बॅगा जड वाटू लागल्या. त्याआधी त्या हलक्या होत्या का?

शिवाय आपण माणूस मोजत नाही. माझा मुलगा, दृष्ट लागू नये, नव्वदीकडे झुकलाय. सूनबाई पन्नासच्या आत. दोघांनाही तेवीसच. तिच्या वाट्याचा वाचलेला चाळीस किलोंचा फरक कुठल्या खात्यात जमा होतो, ते कळवावं. यार्डात याला तूट म्हणतात आणि तिचा जाब विचारतात.

असो. आता घरातलं सांगतो, म्हणजे आपल्याला आपल्या राज्यकारभाराची कल्पना येईल.

पहिली लढाई कुकरवरून झाली. माझी मंडळी म्हणाली, ॲल्युमिनियमचा तीन-लिटरी न्या, हलका पडते. सूनबाई म्हणाली, तिथं इंडक्शनची शेगडी आहे, त्यावर ॲल्युमिनियम तापतच नाही, बुडाला लोखंड लागतं. मग स्टीलचा, जाड बुडाचा कुकर आला. काट्यावर ठेवला तर अडीच किलोंना टेकला. त्याच्या पोटात डाळ, मोहरी, जिरं आणि दोन जादा रिंगा भरल्या, तेव्हा कुठं त्याचं बॅगेत असणं सगळ्यांना पटलं. मिक्सर मात्र सुटला, कारण तिथली वीजही इथल्यासारखीच 230 व्होल्टची, पिना तेवढ्या वेगळ्या. नाशिक फिरून आलेलं ॲडॉप्टर इथं कामी आलं.

दुसरी लढाई तुपाची. हिनं घरच्या लोण्याचं तूप कढवून दोन डब्यांत भरलं होतं. मुलगा म्हणाला, आई, युरोपात बाहेरून दुधाचं काहीच नेता येत नाही. तूप नाही, खवा नाही, पेढे नाहीत. मांसही नाही, पण तो प्रश्न आपल्याकडे नाही. ही म्हणाली, "का जी, दूध कुठी हाये त्याच्यात? तूप हाये ना ते!" यावर युरोपियन संघाकडे उत्तर नसावं. कढीपत्त्याचंही तसंच. 2019 च्या डिसेंबरपासून जवळपास कुठलाही हिरवा पाला, फळ, रोप न्यायचं तर रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. परसातल्या कढीपत्त्याला दाखला कुठून आणायचा? हिनं तो वाळवायला टाकला तर सून म्हणाली, राहू द्या, तिथं मिळतो. त्या दुपारी चहा उशिरा मिळाला.

यात आपला हात नाही, हे मान्य. पण आपण ज्या खानदानातले त्याच खानदानातले हे नियम. ते आपले धाकटे, हातातल्या बॅगेतले शंभर मिलिलिटर, तेही त्यातलेच. 2006 च्या ऑगस्टमध्ये लंडनला विमानं उडवून देण्याचा कट पकडला आणि तेव्हापासून जगातलं प्रत्येक तेल, अत्तर आणि लोणचं संशयित झालं. ठेचा हा घन की द्रव, यावर आमच्या ओसरीवर मोठा खल झाला. मुलाचं म्हणणं, वरून तेल सोडलंय म्हणजे द्रव. शेजारचे काका म्हणाले, तोंडात गेल्यावर तर वायू होतो. शेवटी ठेचा मोठ्या बॅगेत गेला आणि सूनबाईच्या एकुलत्या एका चांगल्या साडीपासून त्याला दूर ठेवण्यात आलं.

खोबऱ्याचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. सून सासरहून निघताना हिनं ओटी भरली : तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि खोबऱ्याची वाटी. मुलानं ती वाटी हळूच काढून फडताळावर ठेवली. सुकं खोबरं म्हणे तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं. घातक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला 1363 हा क्रमांक आहे, आणि विमानाच्या सामानात ते चालत नाही. पिढ्यान् पिढ्या आमच्या बाया पदरात स्फोटकं घेऊन सासरी-माहेरी, एसटीनं जात होत्या आणि कंडक्टरला पत्ता नव्हता!

आता ओलाव्याकडे येतो, कारण तिथं आपली आणि आमची गाठ आहे. सोयाबीन हमीभावानं घालायला गेलं की दाण्यात 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नसे. 2024 च्या हंगामात फार ओरड झाली, तेव्हा सरकारनं ती हद्द 15 वर नेली. सरकार तीन टक्के हललं. आपण अर्धा किलो हलत नाही. म्हणून हिनं यार्डातलाच उपाय घरी केला. ज्वारीचं पीठ, तिखट, जवसाची चटणी, मुगवड्या, सगळं मालेगावच्या मे महिन्यात गच्चीवर पुन्हा वाळत घातलं. त्रेचाळीस अंशांत ओलावा राहतो कुठं? चार दिवसांनी मोजलं तर सगळं मिळून पाव किलो उतरलं. हिला त्याचा इतका आनंद झाला की त्या पाव किलोत तिनं पाऊण किलो कुरडया भरल्या.

आणि पुडकीवाले. मुलगा जर्मनीला चाललाय हे गावभर झालं, तेव्हापासून ओटा रिकामा नाही. कुणाचा भाचा फ्रँकफुर्टला, कुणाची पुतणी म्युनिकला. "जर्मनीतच हाये ना बापा, कुठी दूर हाये?" असं म्हणत माणूस बसतो आणि खुर्चीखाली पिशवी सरकवतो. उचलून बघावी तर दोन किलो. माणसं ओळखीची, नाही म्हणता येत नाही. तेव्हा मी आपलं नाव पुढे करायला लागलो. "मी नेलं असतं हो, पण तेवीस किलो." आयुष्यात पहिल्यांदाच कुणावर तरी बिनबोभाट ढकलता आलं. या एका बाबतीत आपले उपकार आहेत, ते नाकारत नाही.

नातवाचा नंदी मात्र कुणाच्याही हिशेबात बसेना. लाकडी, चाकं लावलेला, शिंगांना पितळी टोपणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला तो गल्लीभर ओढत नेतो. पोळा ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा स्वारी श्टुटगार्टला. सूनबाई म्हणाली, तिकडं कुठं रे पोळा? तो म्हणाला, मी नेला की होईल. तर्क बिनतोड होता. नंदी मोजला : दीड किलो. तेवढ्यात मुलाचे बूट बसतात. बूट मागे राहिले. तेवढ्यावरून घरात दोन दिवस बाप-लेकांचं बोलणं बंद होतं, आणि त्याला जबाबदार आपण.

नातीचा हट्ट पुस्तकांचा. वर्षभर मराठी सुटू नये म्हणून बालभारतीची पुस्तकं तिनं काढून ठेवलीत, तीही पुढच्या इयत्तेची. कागद किती जड असतो हे आम्हां वजनवाल्यांना ठाऊक आहे. रद्दीवाला उगीच काटा घेऊन फिरत नाही. मी म्हटलं, मोबाइलवर मिळतात की. ती म्हणाली, "आजोबा, मोबाइलवर समासात लिहिता येते का?"

असाच शिकण्याचा हट्ट धरून आमच्याच मराठी मुलुखातली बाई समुद्रापार गेली तेव्हा आपण जन्मलाही नव्हता. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. निघण्याआधी सेरामपूरच्या कॉलेजात भाषण करून आपण का जातोय ते लोकांना सांगावं लागलं. म्हणजे तेव्हाही जोखणं होतंच, फक्त काट्यावर बाई होती, पेटी नव्हती. आता बाईला कुणी अडवत नाही, पेटीला अडवतात. सुधारणाच म्हणायची.

शेवटची तक्रार व्यक्तिगत आहे. बॅगा मोजायला वाशीमहून आणलेला तो हाताएवढा आकड्याचा काटा मी पारखून घेतला. माझ्याकडे जुनं, शिक्क्याचं वीस किलोचं वजन आहे. ते लावलं तर यानं एकदा वीसच्या वर दाखवलं, एकदा खाली. अशा काट्यावर आमचं घर महिनाभर भांडलं. म्हणून मी ठरवलं की मुंबईला सोबत जायचं आणि आपला काटा स्वतः बघायचा. वैधमापनवाले दरवर्षी आमच्या काट्याची पडताळणी करून शिक्का मारत, तसा शिक्का आपल्या काट्यावर आहे का, कुठल्या सालचा, एवढंच विचारायचं होतं. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातूनच जातो, आता पार भिवंडीपर्यंत झाला आहे, रात्री निघालं की सकाळी मुंबई. तर मुलगा म्हणतो, बाबा, तिकीट नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत. तुम्ही दारातूनच हात हलवायचा. जन्म काट्यापुढे गेला, आणि ज्या एका काट्यावर माझ्या घरची चार माणसं अडणार आहेत, तिथं मापाऱ्याला मज्जाव!

तेव्हा विनंती एवढीच की बारदान वजा करावं. चार बॅगांचे सोळा किलो आमचे आम्हाला परत मिळाले, तर मुलाचे बूट, कढीपत्त्याविना उरलेली सगळी फोडणी आणि फ्रँकफुर्टच्या भाच्याचं पुडकंही बसेल. उत्तराची वाट पाहत नाही, कारण पत्ता लिहिला तरी ते आधी नाशिकला जाईल.

आपला,
एक निवृत्त मापारी,
मालेगाव (जि. वाशीम)

ता. क. : हे पत्र घडी घालत असताना सूनबाईनं आपली नियमावली शेवटपर्यंत वाचून काढली. अंगावरच्या कपड्यांना वजनाची हद्द नाही, असं तिच्या लक्षात आलंय. तेव्हा भर मे महिन्यात, मुंबईच्या उकाड्यात, चौघं जण थंडीचे कोट घालून आपल्यासमोर उभी राहतील, त्यांना ओळखून घ्यावं. कोटांना मुळात पुष्कळ खिसे होते, हिनं मशीनवर आणखी शिवले. मुलाच्या खिशांत चार्जर आणि वायरी, नातीच्या खिशांत बालभारती, सूनबाईच्या अस्तरात तुरीची डाळ, आणि नंदी नातवाच्या पोटाशी, बटणं लावून. काट्यावर बॅग चढते, माणूस चढत नाही, हे कलम आपलंच आहे. तरी हरकत असेल तर चौघांनाही खुशाल काट्यावर घ्या, माझी ना नाही. फक्त कोट बारदानात धरा.